पहिलं अक्षर

विलेनहॉलला कुलपं बनायची.
वुल्व्हरहॅम्प्टनच्या पलीकडचं एवढंसं गाव,
पण निम्म्या इंग्लंडची दारं आम्हीच लावतो, म्हणत.
तिथल्या एका ऑफिसात, पत्र्याच्या छताखाली,
नव्वद सालच्या नोव्हेंबरात
हातमोज्यांची बोटं कापून
मी पहिल्यांदा बसले त्या निळ्या पडद्यासमोर.

निळा म्हणजे आभाळाचा नव्हे.
नीळ ढवळलेल्या बादलीच्या तळाचा.
त्यावर दोन चौकटी, दुहेरी रेघांच्या,
प्रगतिपुस्तकावर असतात तशा.
डावीकडे हार्ड डिस्क, उजवीकडे फ्लॉपी,
खाली दहा कळांची ओळ.
चित्र एकही नाही. माउस तर नाहीच.

"टॅब, बॅब," डोरीन ट्रँटर म्हणाली.
मला वाटलं, दोन कळा आहेत.
मी बॅब शोधत राहिले.
ती खोकला येईपर्यंत हसली
आणि चहा आणून दिला, दुधानं पांढराफटक.
तिकडं प्रत्येकीलाच बॅब म्हणतात,
हे मला नाताळात कळलं.

पाच दाबलं की नक्कल.
सात दाबलं की नवं घर.
आठला हात लावायचा नाही, मला विचारल्याशिवाय.
आणि सहा: नाव बदला, किंवा हलवा.
एकच कळ.
यंत्राच्या लेखी दोन्ही एकच काम.
डोरीनला यात काही विशेष वाटलं नाही.
माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात, अंगठीच्या टोकानं
कालिंदीची मृण्मयी झाली
आणि तिसऱ्या आठवड्यात हीथ्रो.
कुणीतरी सहा दाबलं होतं, इतकंच.

मृण्मयीला इंग्रजीत नऊ अक्षरं लागतात.
यंत्र आठच घ्यायचं, शेवटचं ई दाराबाहेर.
ऑफिसानं आणखी कापलं: मरून.
त्यांच्या कानाला तो रंग.
माझ्या कानाला... जाऊ दे.
रोज सकाळी साडेआठला "मॉर्निंग, मरून"
आणि मी चांगली जिवंत, कोट काढत.

फेब्रुवारीत मी आठ दाबलंच.
पितळी कुलपांच्या एक्केचाळीस फाइली.
चौकट रिकामी, वरच्या कोपऱ्यात नुसती दोन टिंबं.
मिस्टर हॅडली जेवायला गेले होते.
डोरीननं दार लावलं, खुर्ची ओढली.
"गेलेलं लगेच जात नाही, बॅब.
पहिलं अक्षर तेवढं पुसतात."
आणि खरंच, एकेक नाव वर येऊ लागलं
डोक्याच्या जागी प्रश्नचिन्ह घेऊन.
यंत्र विचारी: पहिलं अक्षर काय होतं?
सदतीस आठवली.
उरलेल्या चारांना ती म्हणाली, टाक काहीही.
कुठलंही चालतं. आत सगळं तसंच असतं.

आता मुलगा म्हणतो, आई,
कुठं ठेवलंय ते कशाला लक्षात ठेवायचं?
शोध म्हणायचं.
खरंय त्याचं. फोनमध्ये नऊ हजार फोटो आहेत
आणि त्यातला एकही कुठं राहतो, मला सांगता येत नाही.
तेव्हा माझ्याकडे वीस मेगाबाइट होते,
पण अंधारात उठून हात घालावा
आणि मिठाचाच डबा हाती यावा, तसे ठाऊक.
जुन्या यंत्राची थोरवी सांगत नाही मी. बंद पडायचं ते,
हिटर लावला की हमखास.

डोरीन असते वॉलसॉलच्या रस्त्यावरल्या एका होममध्ये.
गुरुवारी मी जाते.
तिची बोटं ब्लँकेटच्या काठावर
काहीतरी मोजत असतात, पाचापर्यंत, सातापर्यंत,
आठ गाळून.
गेल्या खेपेला तिनं माझ्याकडे फार वेळ पाहिलं.
मी नाव सांगितलं नाही. थांबले.
मग म्हणाली, "तरून."

इंग्रजी ट असणार तो. मी त ऐकला.
हो म्हटलं,
आणि तिच्या चहात दूध ओतत राहिले,
पुरे म्हणेपर्यंत.